आठ दिवसांचा शिधा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला कुणी सांगायला नको. लग्नाआधी आई सांगायची, लग्नानंतर आमचे हे सांगू लागले, आणि नोकरी लागल्यावर शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनीही ते शेऱ्यात लिहून ठेवलं. पण त्या भाद्रपदात मी जशी रागावले तशी पुन्हा कधी रागावले नाही. आणि ज्यांच्यावर रागावले त्यांचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा पोटच्या पोरांचाही नाही. पोरांनी हे वाचलं तर वाचू देत.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी बारामतीची, पण नोकरी इंदापूर तालुक्यातल्या एका पाटाखालच्या गावात. पाटाखालचं म्हणजे कालव्याचं पाणी मिळणारं. गावात ऊस, केळी, भाजीपाला. माणसं हातात पैसा खेळणारी, शब्दाला कडक. शाळा तीन खोल्यांची, दगडी, वर कौलं आणि पुढं लांबलचक ओसरी. मागच्या एका खोलीत मी राहायची. हे बारामतीला गुळाच्या पेठेत एका आडत्याकडं दिवाणजी होते. शनिवारी यायचे आणि सोमवारी सकाळी परत जायचे. गावानं मला कधी नावानं हाक मारली नाही. बाई म्हटलं की मीच.

भीमा तिथून चार-पाच मैलांवर. वर घाटाकडं कुठंतरी तीन दिवस पाऊस कोसळत होता आणि आमच्याकडं नुसतं ढगाळ. चौथ्या दिवशी सकाळी प्रार्थना चालू असताना शाळेपुढच्या रस्त्यावर माणसं दिसली. पुढं गुरं, मागं बायामाणसं, डोक्यावर ओली बोचकी. नदीकाठचं एक गावच्या गाव उठून आलं होतं. मातीची धाब्याची घरं. पाणी पायाला लागलं आणि एकामागून एक बसत गेली. दिवसाउजेडी पाणी चढलं म्हणून माणसं वाचली. एकतीस घरं, लहानथोर मिळून दीडशे माणसं. मी प्रार्थना अर्ध्यावर थांबवली, पोरांना घरी पिटाळलं आणि तिन्ही खोल्या उघडल्या.

दुसऱ्या दिवशी इंदापुराहून मामलेदार आले. ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती, त्यामुळं शेवटचे दोन मैल ते चिखल तुडवत आले, बूट हातात धरून. ओसरीवर उभे राहून त्यांनी सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाले, "बाई, तलाठ्याच्या अंगावर चार गावं आहेत. इथं सरकारी छप्पर तुमचं आणि सरकारी माणूसही तुम्हीच. ही छावणी तुमच्याकडं." मी हो म्हणाले. खरं सांगते, मनातून गुदगुल्या झाल्या. चौथीपर्यंतच्या पोरांपलीकडं माझ्या ताब्यात आजवर काही आलं नव्हतं.

ताब्यात आलेल्या माणसांना मी पहिल्याच दिवशी रांगेत उभं केलं. गावातून जोंधळे, डाळ गोळा केली, शाळेच्या आवारात एक मोठी चूल मांडली, आमटीचं पातेलं चढवलं, भाकऱ्या थापून घेतल्या आणि सांगितलं, ताटल्या घेऊन ओळीनं या. बोलायचं नाही, ढकलाढकली करायची नाही. बायका आल्या, पदर पार नाकापर्यंत ओढून. पुरुष पोरांना पुढं करून स्वतः मागं थांबले. मला वाटलं, किती छान शिस्त लागली. दुसऱ्या दिवशी निम्मीच माणसं आली. उरलेली गुरांजवळ पाठ फिरवून बसली होती.

मी तरातरा गुरांकडं गेले. तिथं आक्का होती. आक्का म्हणजे नदीकाठच्या त्या गावातली पन्नाशीची विधवा बाई, हाडापेरानं मोठी. घर तिचंही पडलं होतं, पण अख्खं गाव तिच्या तोंडाकडं बघून हलायचं. मी म्हटलं, "दोन दिवस उपाशी राहून कुणाचा मान वाढणार आहे?"

ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी काय वंगाळ करत न्हाय. पर आमी शाळंतली पोरं न्हाय. ताटली फुडं करायला हात उचलत न्हाय. कोरडं धान्य द्या. आमचं आमी शिजवून खाऊ."

"दळणार कशावर?" मी विचारलं. माझ्या मते मी तिला कोंडीत पकडलं होतं.

"जाती हाईत की. दगड वाहून जातोय व्हय?"

आणि खरंच, पाणी ओसरल्यावर त्या गावचे पुरुष माघारी गेले आणि घरांच्या चिखलात हात घालून त्यांनी सगळ्यात आधी जाती उकरून आणली. भांडी गेली, कणग्या गेल्या, जाती जागच्या जागी होती. सात जाती बैलगाडीतून आली आणि शाळेच्या आवारात घरघर सुरू झाली. मी मोठी चूल मोडली. एकतीस ठिकाणी तीन-तीन दगड मांडले गेले, धुरानं शाळा काळी झाली आणि दीडशे माणसं जेवू लागली. माझी रांग तिथंच संपली.

तोवर ओढा उतरून गाड्या पात्रातून येऊ लागल्या होत्या आणि त्यांतून बारामतीची मदतही. पेठेतल्या लोकांना ह्यांनी सांगितलं आणि पेठ अशी काही पाझरली की बघत राहावं. गूळ आला, डाळ आली, बांबू आले, तट्टे आले. त्याबरोबर काय काय आलं ते सांगितलं तर खोटं वाटेल. लग्नातले फेटे आले, कुणाचा तरी जरीचा कोट आला, एका गठ्ठ्यात नुसत्या डाव्या पायाच्या वहाणा. गठ्ठ्यांवर शाईनं लिहिलेलं, "निर्वासितांसाठी." सात-आठ वर्षांपूर्वीचे फाळणीचे गठ्ठे बहुतेक तसेच पडून होते. मी ह्यांना चिठ्ठी धाडली, "पेठेत सांगा की माणसांना घरं नाहीत, पाय दोन्ही आहेत." पुढच्या गाडीला घोंगड्या आल्या, चांगल्या जाडजूड. चिठ्ठी ह्यांनी म्हणे आडतीवर मोठ्यानं वाचून दाखवली होती.

पण छप्पर एकच आणि माणसं दीडशे. आठवडा झाला तशी पोरं आजारी पडू लागली. आधी हगवण, मग ताप. एका खोलीच्या कोपऱ्यात बाळंतीण होती, तिच्या उशाशी दुसऱ्याचं तापानं फणफणलेलं पोर. इंदापूरच्या दवाखान्याचा कंपाउंडर येऊन औषध देऊन गेला आणि जाताना मला म्हणाला, "बाई, औषधानं भागायचं नाही. ही माणसं लांब लांब करा, नाहीतर यातलं एखादं पोर जाईल." चार पोरं फारच ढासळली होती. त्यात आक्काची तीन वर्षांची नात होती. ती हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती.

गावाच्या वरच्या अंगाला गायरान होतं, उंचावर, पाणी न साचणारं. मामलेदारांनी ती जागा खोपी, म्हणजे झोपड्या, उभारायला दिली होती. बांबू आणि तट्टे होते. छपराला पाचट लागणार होतं, ते उभ्या उसाचं सोलून काढता आलं असतं. नव्हते ते हात. नदीकाठच्या निम्म्या पुरुषांना ताप होता, उरलेले गुरांमागं आणि चिखलात. मजूर लावायला सरकारनं काही दिलं नव्हतं. मी हिशेब करून पाहिला, आपले आपण बांधत बसले तर तीन आठवडे. तेवढा वेळ त्या चार पोरांकडं नव्हता.

तेव्हा आबा पुढं आले. आबा म्हणजे नदीकाठच्या गावातले जुने जाणते, कमी बोलणारे. म्हणाले, "बाई, इर्जिक घालू."

इर्जिक मला ऐकून माहीत होती. ज्याचं काम अडलं त्यानं आजूबाजूच्या गावांना बोलवायचं, सगळ्यांनी आपापली बैलं-अवजारं घेऊन यायचं आणि एका दिवसात काम उरकून द्यायचं, मजुरी न घेता. पाटाखालच्या गावांत उसाचा पैसा आल्यापासून ती मागं पडली होती. मजूर मिळायचे, बोलवायचं कशाला. मी म्हटलं, "येतील का?" आबा म्हणाले, "बोलावल्यावर कोन येत न्हाय?" अंगावर तोच एक सदरा, तो धुऊन ओलाच घातला आणि आबा दोन गावांत दारोदार फिरून आले. परवा आमच्याकडं इर्जिक हाय, यायचं. आमच्याकडं म्हणजे कुठं, तर त्या मोकळ्या गायरानावर, जिथं एक कूडही उभा नव्हता. दोन्ही गावं यायला कबूल झाली. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी कुणावरच ओरडले नाही.

त्याच सकाळी मामलेदारांनी जोंधळ्याची तीन पोती धाडली होती, चिठ्ठीसकट. ओढा पुन्हा भरू लागला आहे, मोरी होईपर्यंत पुढची गाडी येणार नाही, एवढ्यात आठ दिवस भागवावे. दीडशे माणसांना आठ दिवस तीन पोती म्हणजे अर्धं पोट. मी पोती माझ्या खोलीत ठेवली, कुलूप घातलं आणि रोज सकाळी मापानं किती द्यायचे ते ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का खोलीच्या दारात आली. मागं सात-आठ बायका.

"बाई, पोती काढा. दळायला बसायचं हाय."

"आजचं सकाळी दिलं की."

"आजचं न्हवं. उद्या इर्जिक हाय न्हवं? दोन गावं जेवायची."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्यांचं काम करायला माणसं येणार त्यांनी त्यांना जेवू घालायचं, पोटभर, पंगत मांडून, हा इर्जिकीचा दुसरा अर्धा भाग मला पेठेतल्या पोरीला कुणी सांगितलाच नव्हता. तीनशे माणसं कष्ट करून जेवायला बसली तर तीन पोत्यांत काय उरणार? मी आक्काला नाही नाही ते बोलले. तुझी नात आत तापात पडली आहे, उद्या तिला पेज करायला मूठभर दाणे राहणार नाहीत, आणि तुला जेवणावळी सुचतात. सरकारचं धान्य तुमच्या पोरांसाठी आलंय, पाटाखालच्या खात्यापित्यांसाठी नाही. सगळं बोलले. मला आज त्यातला शब्दन् शब्द आठवतो आणि लाज वाटते.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, नात माझी हाय. तिच्यापायीच तर खोप पायजे. पर इर्जिकीची मानसं उपाशी माघारी गेली, तर आमी घर बांधलं न्हाय, भीक घेतली. त्या खोपीत मला झोप लागायची न्हाय. तुमी पोती देनार नसला तर आबांना सांगते, इर्जिक मोडा."

मी म्हटलं थांब. मी काही कमी हट्टी नाही. मी डोक्यावर पदर घेतला आणि थेट गावात तात्यांकडं गेले. तात्या आमच्या गावचे मोठे बागायतदार, दोन बैलगाड्या, शब्दाला वजन. त्यांनी हो म्हटलं की गाव हो म्हणायचं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, तात्या, त्या माणसांकडं खायला नाही. उद्या सगळ्यांना सांगा, येताना आपापली भाकरी बांधून आणा. तुम्हाला काय जड आहे?

तात्या सुपारी कातरत होते. अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "बाई, तुमी शिकल्यालं. तुमाला मी काय सांगावं? पर भाकरी बांधून कुनाच्या घरी जात्यात ठावं हाय का? ज्याच्या घरी मयत झाल्यालं असतं, चूल पेटलेली नसती, त्याच्या घरी. आमी भाकरी घेऊन गेलो तर काय म्हनल्यागत हुईल? तुमी मेला, असंच न्हवं का? ते आमाकडनं व्हायचं न्हाय. त्यांनी जेवायला घातलं तर इर्जिकीला येऊ. न्हायतर मजूर धाडतो, मजुरी माझी. पर ती त्यांनी घेतली पायजे."

"ती घेणार नाहीत," मी म्हटलं.

"मीबी घेतली नसती," तात्या म्हणाले आणि पुन्हा अडकित्ता उचलला.

येताना मी रस्त्यानं एकटीच बडबडत होते. एकाला घालायला नाही आणि तो घालणारच म्हणतो. दुसऱ्याला कशाची ददात नाही आणि तो खाल्ल्याशिवाय कामाला हात लावणार नाही. मधल्या मधे माझी चार आजारी पोरं. या माणसांना अक्कल कधी येणार, असं मी मोठ्यानं म्हणाले, आणि बांधावरची बाई कुणाला बोलते म्हणून बघू लागली. शाळेत आले तर आक्का तिथंच, खोलीच्या पायरीवर बसलेली. नात मांडीवर. बाकीच्या बायका सातही जाती धुऊन, पुसून, खुंटे ठोकून तयार बसल्या होत्या. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं.

मी किल्ली काढून आक्काच्या पुढ्यात टाकली. हातात दिली नाही, टाकली. म्हटलं, "घ्या. आठ दिवस काय खाणार ते मला विचारू नका. आणि मामलेदारांना काय सांगायचं तेही तुम्हीच सांगा."

"सांगू की," आक्का म्हणाली. उठून किल्ली घेतली आणि नातीला माझ्या मांडीवर दिलं, कारण तिला पोती उचलायची होती.

सकाळी उजाडता उजाडता गायरानावर गाड्या लागल्या. पाचटाच्या गाड्या, गाडीबरोबर चार-चार गडी, कुऱ्हाडी, कोयते, घायपाताच्या वाखाचे दोर. मी आदल्या संध्याकाळी चुन्यानं एकतीस चौकोन आखून ठेवले होते, दोन खोपींत पाच-पाच पावलं अंतर सोडून, आणि चिठ्ठ्या टाकून चौकोन वाटले होते. आमच्या गावचा एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, महारवाड्यातली सात घरं पलीकडच्या टोकाला घ्या, रीत हाय." मी त्याला विचारलं, पाणी चढलं तेव्हा आधी कुणाच्या घरात शिरलं ते चौकशी करून ये, मग रीत सांग. चिठ्ठीनं जी जागा आली तीच राहिली. पुढं दोघातिघांनी आपल्या चुलीची तोंडं फिरवून घेतली, ते मला दिसलं. सगळंच माझ्या रागानं सुधारणार नव्हतं.

काम कसं झालं ते मी आजही डोळे मिटले की बघते. कुणी हुकूम देत नव्हतं. खड्डे घेणारे खड्डे घेत पुढं सरकत, मागून बांबू रोवणारे, त्यांच्या मागं तट्टे बांधणारे, आणि वर पाचट शाकारणारे. ज्याच्या खोपीचं काम चालू तो घरधनी तापात असला तरी गुंडाळून येऊन तिथं बसलेला, कारण आलेल्यांना "या" म्हणायला कुणीतरी घरचं हवं. एक तर उभाही राहू शकत नव्हता. तो बसल्या बसल्या येईल त्याला सुपारीचं खांड देत होता. बारामतीहून आलेल्या आहेराच्या टोपलीतली सुपारी होती ती. तो जरीचा कोट आबांच्या अंगावर होता. घरधन्याला शोभत होता.

दुपारी पंगती बसल्या. भाकरी, तुरीची झणझणीत आमटी आणि गुळात शिजवलेल्या जोंधळ्याच्या कण्या. पत्रावळी पळसाच्या. वाढायला नदीकाठच्या बाया, पदर खोचून, मान वर करून. आठ दिवसांपूर्वी याच बाया माझ्यापुढं ताटल्या घेऊन नाकापर्यंत पदर ओढून उभ्या होत्या. आता त्या तात्यांसारख्या माणसाला दरडावत होत्या, "आसं कसं, अजून एक घ्या. आमची भाकरी ग्वाड लागली न्हाय व्हय?" आणि तात्या निमूट घेत होते. मी मात्र वाढलेली प्रत्येक भाकरी मोजत होते. आक्का माझ्यापुढं पत्रावळ घेऊन आली. मी म्हटलं मला भूक नाही. ती म्हणाली, "बाई, रागवा, पर जेवा. घरात पाऊल टाकायच्या आधी पावना रुसून जाऊ ने." मी जेवले. कण्या इतक्या चांगल्या झाल्या होत्या की मी दुसऱ्यांदा घेतल्या, आणि तिनं ते पाहिलं.

दिवस मावळायच्या आत एकतीस खोपी उभ्या राहिल्या. आजारी पोरं आधी हलवली. खोलीत जाऊन मी पोती पाहिली. दोन रिकामी, तिसऱ्यात अर्ध्याहून कमी. आठ दिवस. मी खाटेवर बसून आमच्या ह्यांना चिठ्ठी लिहायला घेतली, पण बारामतीहून गाडी निघाली तरी ओढ्यात अडकणार. चिठ्ठी फाडून टाकली.

तेवढ्यात बाहेर तात्यांचा आवाज आला. गाड्या जुंपून निघायच्या आधी ते आबांपुढं उभे होते. "आबा, उद्या आमच्याकडं इर्जिक हाय. उसाला भर लावायची राहिलीया. समद्यांनी यायचं. पोरंबाळं, म्हातारीकोतारी, कुनी मागं ऱ्हायचं न्हाय." त्यांच्या शेजारी दुसऱ्या गावचे पाटील होते. ते म्हणाले, "परवा आमच्याकडं." तात्यांचा चुलतभाऊ म्हणाला, "तेरवा माझी केळी." अशी बोलणी होत होत आठवडा भरला. आबा प्रत्येकाला म्हणाले, "येऊ की." एकानंही मदत हा शब्द काढला नाही.

मी दारात उभी राहून ऐकत होते. मला रडू आलं ते लपवायला मी पदर तोंडाला लावला. नंतर आक्काला विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"ठावं कशाला असाय पायजे? इर्जिक जेवल्याला मानूस परतून बोलावतोच. न्हाय बोलावलं तर त्येचं त्येला खायाला उठतं."

आठवडाभर ती माणसं रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या शेतात जायची, काम करायची आणि पंगतीत बसून हक्कानं जेवायची. म्हातारी माणसं बांधावर बसून पोरं सांभाळायची, तीही जेवायची. तिथं पोळ्या असायच्या, कधी मटण. मी अर्धं पोट लिहून ठेवलं होतं, आणि ती माणसं पूर्वी कधी जेवली नव्हती तशी जेवत होती. तिसऱ्या पोत्यातलं धान्य आजाऱ्यांच्या पेजेला पुरलं. चारही पोरं वाचली. आक्काच्या नातीनं पाचव्या दिवशी गूळ मागितला.

सहाव्या दिवशी मामलेदार आले. पुन्हा बूट हातात. आल्या आल्या म्हणाले, "धान्य दाखवा." मी खोली उघडली. त्यांनी रिकामी पोती पाहिली, पायानं हलवून पाहिली. चेहरा बदलला. "बाई, हे आठ दिवसांचं होतं. कुठं गेलं?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही. एका दिवसात तीनशे माणसांना जेवू घातलं, किल्ली मी दिली, असं सरळ सांगितलं. त्यांनी एक रिकामं पोतं उचलून घडी करून खाली ठेवलं. मग म्हणाले, "वर कळवावं लागेल. मदतीचं धान्य जेवणावळीत संपलं म्हटल्यावर पुढची गाडी मला सोडता येणार नाही. त्यांना गरज नाही, असंच होतं याचं." हात आखडता घ्यायला त्यांनाही आवडत नव्हतं, ते दिसत होतं. पण कागदावर उत्तर त्यांनाही द्यावं लागणार होतं. इर्जिकी उद्या संपणार होत्या. पेरणीची रानं अजून चिखलात होती. ती गाडी थांबली असती तर त्या खोपींत माणसं उपाशी बसून राहिली असती.

"तुम्ही एकदा वर येऊन बघा," मी म्हटलं. आवाज चढू नये म्हणून मुठी आवळल्या होत्या.

आम्ही गायरानावर गेलो. शेतावरून माणसं नुकतीच परतली होती. आक्का तिच्या खोपीपुढं शेणानं सारवत होती. मामलेदारांना पाहिल्यावर हात धुऊन उठली, आतली घोंगडी आणून अंथरली आणि म्हणाली, "बसा सायेब. लांबनं आलाय."

"बसत नाही. मला एवढंच सांगा, तीन पोती जोंधळे एका दिवसात कुठं गेले?"

"पावनं आलं हुतं," आक्का म्हणाली.

ती आत गेली आणि त्यांच्यासाठी भाकरी आणि वर गुळाचा खडा घेऊन आली. ताटली नव्हती, भाकरीच हातावर. मामलेदार तिच्याकडं पाहत राहिले, मग त्या खोपींच्या रांगेकडं, मग माझ्याकडं. मी काही बोलले नाही, माझ्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. त्यांनी बूट खाली ठेवले आणि घोंगडीवर मांडी घातली. भाकरी पूर्ण खाल्ली. पाणी प्यायले. उठताना जरा अवघडून त्यांनी आक्कालाच विचारलं, "मग, पुढची गाडी पाठवू की नको?"

"धाडा की," आक्का म्हणाली. "घर म्हनलं की पावनं येनारच."